उपवनच्या अनोळखी मंडळींचे आभार

शनिवारी ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी गाण्यांच्या कार्यक्रमात आम्ही हवामानबदलाचं टेबल मांडलं होतं. तासभर कुणी फिरकेना. गाणीच इतकी झकास! त्यात वाऱ्याने खारफुटीचा नकाशा उडवला. चहावाल्या काकांनी तो झेलला, चार कोपऱ्यांवर कटिंगचे ग्लास ठेवले आणि स्वतःच हाका मारू लागले, "या, आपली खाडी बघा!" मग कुठे सांगता आलं, की ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि तिथली खारफुटी चिखलात कार्बन धरून ठेवते. दोन गाण्यांमध्ये माईक देणारे ढोलकीवाले दादा, रात्री कप वेचणाऱ्या तिघी मुली, तुमची नावं विचारायचीच राहिली. मनापासून आभार! काका, नकाशावर चहाचे चार गोल तसेच आहेत.