स्वमग्नता आणि सहवेदना

रविवारच्या पुरवणीतील स्वमग्नतेवरील (ऑटिझम) लेखात अशा व्यक्तींना सहवेदना नसतेच, असे सरसकट म्हटले आहे. ते पटले नाही. समोरच्याच्या मनातले ओळखणे वेगळे आणि त्याच्या दुःखाने कासावीस होणे वेगळे; अडचण येते ती बहुधा पहिल्यात. शिवाय ‘ते’ आणि ‘आपण’ अशी भिंतही नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांच्या, स्वमग्नतेची लक्षणे मोजणाऱ्या २००१ मधील ५० प्रश्नांच्या चाचणीत सर्वसामान्य प्रौढांचे सरासरी गुण १६ च्या आसपास होते, शून्य नव्हे! स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की एकमेकांना समजून घेण्यातली ही दरी दुतर्फा असते. स्वमग्न व्यक्तींचे मन आपल्याला तरी कुठे वाचता येते? लेखात ही बाजू यायला हवी होती.

– एक वाचक, पुणे