दत्ताचं शीत आणि दत्ताची गोळी

फोंडा (गोवा), 24 मे

प्रिय रघू,

चवथीनंतर माझं पत्र नाही, फोनही दोनदा तूच केलास. शिव्या भेटीत दे, उसन्या ठेव. माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तिथेच आहे. हे पत्र खरं म्हणजे दत्तासाठी, त्याच्या मधुमेहाबद्दल आहे, पण तुझ्या पत्त्यावर टाकतोय, कारण माझ्या हातचं तो पाणीसुद्धा घेणार नाही. जत्रेच्या त्याच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करताना माझ्याकडून एक पान उलटायचं राहिलं, त्याला किती वर्षं झाली ते तूच मोज. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हां, हां’ म्हणतोस आणि फेरीबोट चुकवतोस. कागद निदान त्याच्या फ्रिजवर चिकटवता येईल.

दत्ताच्या शैलावहिनी माहेरी आल्या होत्या, तेव्हा रक्तातली साखर बघायच्या पट्ट्या न्यायला माझ्या औषधांच्या दुकानावर आल्या. सोमवारी फेरीतून उतरल्यावर दत्तासाहेबांना स्कूटरला किल्ली लावता येईना, शर्ट घामाने भिजलेला, वर तिकीटवाल्याशी भांडण. तू तिथे होतास आणि गोड लिंबूसोडा पाजलास, म्हणून माणूस जाग्यावर आला. तुझ्याबद्दल घरात फार चांगलं बोललं जातंय, सवय नसेल तुला. पण तू सोडा खारा मागवला असतास तर काय झालं असतं, या विचाराने मला दोन दिवस चैन नाही.

त्याला काय झालं ते आधी समजून घे. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 8.9 आलं, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 दोनदा आणि सकाळी ग्लिमेपिराइड 2 दिली. त्यात चूक काहीच नाही, कारण ती गोळी दत्ताच्या तेव्हाच्या जेवणाला धरून होती. ते जेवण मी अंदाजाने मोजलं. सकाळी दोन पोई. पोई म्हणजे पावच, आणि पावाच्या वजनातला साधारण निम्मा भाग कर्बोदकांचा असतो, तेव्हा सत्तर ग्रॅमच्या दोन पोईंत सत्तर ग्रॅम. शिजलेल्या शिताच्या, म्हणजे भाताच्या, शंभर ग्रॅममध्ये अठ्ठावीस. दत्ताच्या ताटात एका वेळी तीनशे ग्रॅम सहज असतं, दोन वेळचं मिळून एकशेअडुसष्ट. तीन चहांत दोन-दोन चमचे साखर, ते तीस. म्हणजे दिवसाला अडीचशेच्या वर, आणि यात तोणाक (कडधान्याचा रस्सा), आंबे, संध्याकाळची भजी धरलेली नाहीत.

मग कोणीतरी मोबाइलवर पाठवलं की ‘शीत सोडा, डायबिटीस मुळासकट जातो’. दत्ताने एका रात्रीत शीत, पोई, साखर सगळं बंद केलं. सकाळी बिनसाखरेची कॉफी, दुपारी दोन तळलेले बांगडे, आणि गोळी मात्र नेमाने. आता ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही, आणि एकदा घेतली की तिचा अंमल दिवसभर चालतो. खाली साखर यायची बंद, वरून इन्सुलिन चालू. चार वाजता फेरीवर जे झालं ते यामुळे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असा झटका सहसा येत नाही, ती पोट बिघडवते तेवढीच, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची.

गंमत बघ. ते ‘मुळासकट’ ज्या अभ्यासावरून उचललेलं असतं, तो बहुतेक वेळा ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा. 2017 मध्ये त्याचे निकाल आले. वर्षाअखेर सेहेचाळीस टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली, हे खरं आहे. पण तो आहार कमी कर्बोदकांचा नव्हता. सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरीचे शेक होते, आणि गुण आला तो वजन उतरल्यामुळे. शिवाय तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, डॉक्टरांनी, देखरेखीखाली. आपल्या नटाने जेवण बंद केलं आणि गोळी चालू ठेवली. मोबाइलवाल्याने बहुतेक ते पान उलटलं नाही. (हे वाक्य त्याला वाचून दाखवू नकोस.)

तेव्हा तुझं पहिलं काम हे की त्याला फोन हातात देऊन डॉक्टरांना सांगायला लाव, ‘मी शीत इतकं कमी करतोय, ग्लिमेपिराइडचं काय करू?’ बहुतेक वेळा ती अर्धी करतात किंवा थांबवतात, पण तो निर्णय त्यांचा, माझा नाही, तुझा तर अजिबात नाही. उत्तर मिळेपर्यंत शीत बंद करायचं नाही, प्रत्येक जेवणात थोडं तरी पोटात जायला हवं. पुढच्या वेळी चिठ्ठीत ‘ग्लिफ्लोझिन’ अशा शेवटाचं नाव आलं तर मला कळव. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे काढतात. त्यांच्यावर असताना कर्बोदकं अगदीच तोडली तर यंत्रात साखर फार चढलेली दिसत नाही आणि तरी रक्तात आम्ल साठतं. मळमळ, उलटी, मोठमोठे श्वास. ते घरी बसून बघायचं प्रकरण नाही, थेट इस्पितळ.

पुन्हा थरथर झाली तर आधी बोट टोच. सत्तरच्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर चहाचे तीन भरलेले चमचे साखर पाण्यात घालून पाज. पंधरा मिनिटांनी परत बघ, सत्तरच्या वर नसेल तर परत तेवढीच. मग चार घास शीत नाहीतर अर्धी पोई. चॉकलेट किंवा बेबिंक (आपला थरांचा गोड केक) नको, त्यांतल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते. (बेबिंकचं निमित्त तो शोधणारच.) त्या दिवशी त्याला एकटं सोडू नकोस, या गोळीचा झटका सावरल्यावरही काही तासांनी परत येऊ शकतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108 लावायचा. आणि स्कूटरवर बसण्याआधी आकडा बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

बरं, मेधाला पुण्यात नोकरी लागली हे कळलं. अभिनंदन, पेढे मी खाईन, मला अजून मुभा आहे. माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाआधी उरकून घ्या. कौलं परतलीस का?

आता जेवणाबद्दल. मला शीत पूर्ण सोडणं पटतच नाही, निदान दत्ताच्या बाबतीत. तो तीन आठवडे साधूसारखा राहील आणि चौथ्या आठवड्यात एका बैठकीत पातेलं संपवेल. दिवसाला एकशेतीस ग्रॅमच्या आसपास आणलं तरी तो कमी कर्बोदकांचाच आहार म्हणतात, आणि अडीचशेवरून तिथे येणं हीच मोठी उडी आहे. वहिनींना एक स्वयंपाकघरातला काटा घ्यायला सांग. शिजलेलं शीत एकदा शंभर ग्रॅम तोलायचं, ते ज्या वाटीत काठोकाठ बसेल ती वाटी दत्ताची. दुपारी एक, रात्री एक, म्हणजे छप्पन्न. सकाळी अर्धी पोई, सतरा-अठरा, सोबत दोन अंडी. तोणाक किंवा डाळीची छोटी वाटी धर वीस. भाज्यांचे पंधरा, चहातल्या दुधाचे आठ-दहा, एक पेरू किंवा पपईची फोड. झाले एकशेतीस.

उकडे तांदूळ घेतले म्हणून सूट नाही. ते सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा थोडे सावकाश चढतात, पण कर्बोदकं जवळजवळ तेवढीच. नाचणीचंही तेच. शंभर ग्रॅम पिठात सत्तरच्या आसपास, त्यामुळे ‘भाकरी चालते’ म्हणून तीन हाणल्या तर शीत बरं होतं. पेज जास्त शिजून मऊ झालेली, ती तर भराभर चढते. गूळ म्हणजे साखरच, माडाचा असला तरी. नीरफणसाचे काप, माडी (अळूचे कांदे), काटेकणगी (कणग्या), रताळी भाजीत मोजायची नाहीत, शितात मोजायची. काजूगर मूठभर ठीक, वाटीभर खाल्ले की पंधरा-वीस ग्रॅम झालेच. बिनसाखरेच्या बिस्किटांत साखर नसते, मैदा असतो, तो कुठे जातो?

मासा मात्र मोकळा. बांगडा, तारली, इसवण (सुरमई), सुंगटं (कोळंबी) यांत धरण्यासारखी कर्बोदकं नाहीत. वाढतात ती रव्यामुळे. तळताना दोन मोठे चमचे रवा चिकटला की पंधरा ग्रॅम आले, म्हणून रव्याशिवाय तळायचा नाहीतर हुमण (कालवण) करायचं. खोबरं चालतं, ताज्या खोबऱ्यात शंभराला पंधरा आणि त्यातही बराच चोथा, पण स्निग्धांश तेहतीसच्या घरात, म्हणून तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल बघायला विसरायचं नाही. सोलकढी बिनसाखरेची कितीही, कोकम सरबत नाही. तांबडी भाजी, दुधी, भेंडी, तेंडली, घोसाळी, पडवळ ताटाचा अर्धा भाग भरतील एवढी हवीत, नाहीतर आठवड्याभरात बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन तो माझ्याच दुकानात येईल आणि बोलणार तर नाहीच. ताटात आधी भाजी आणि मासा, शीत शेवटी. तेवढ्यानेही जेवणानंतरची चढ कमी होते. आणि जेवून उठल्यावर धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालून यायचं.

एक जूनपासून एकसष्ट दिवस ट्रॉलर बंद. तेव्हाचं आत्ताच ठरवा, नाहीतर मासा नाही म्हणून शीत आणि लोणचं, हे पावसात ठरलेलंच. पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) सुकी सुंगटं, सुके बांगडे भरालच. त्यांचं किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) झकास, पण मिठाने रक्तदाब चढतो, भाजण्याआधी पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्यायचं. बाकी अंडी, कोंबडी, पनीर. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर घ्या, त्यांत थोडी कर्बोदकं असतात, पण वाटीभराने काही बिघडत नाही.

तुम्हा दोघांच्या बैठकीबद्दलही लिहितो, तू वगळशील म्हणून मुद्दाम. फेणीत साखर नाही, हुर्राकातही (काजूच्या हलक्या दारूतही) धरण्यासारखी नाही, साखर असते ती त्यात ओतलेल्या गोड लिंबूपाण्यात. सोडा, मीठ, लिंबू, मिरची एवढंच घ्या. पण दारू पोटात असताना यकृत रक्तात साखर सोडायचं काम टाळतं, आणि वर ती गोळी. रिकाम्या पोटी पेला म्हणजे सोमवारचीच पुनरावृत्ती, फक्त रात्री दोन वाजता, आणि वहिनींना वाटणार चढलीय. गोळीचा निकाल लागेपर्यंत बैठक बंद. नंतरही जेवणाबरोबर एक पेला, दुसरा नाही. तुझा चेहरा दिसतोय मला.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले तर गावभर सांगत फिरू नये. शरीरातला साखरेचा साठा आपल्याबरोबर पाणी धरून असतो, साठा उतरला की पाणी आणि मीठ लघवीवाटे जातं. म्हणूनच डोकं दुखतं, उठताना अंधारी येते. अशा वेळी बोट टोचून साखर शंभर दिसली तर ती साखरेची भानगड नाही, रक्तदाब मोजायचा. त्याची बीपीची गोळीही चालू आहे, ती जड होऊ शकते. तेही डॉक्टरांच्या कानावर घालायला सांग.

पट्ट्यांचं एक. शैलावहिनींनी पन्नास नेल्या. पावसात डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि आकडे वाटेल ते येतात. फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत. मानकुराद आंबा चोखून त्याच बोटाला टोचलं तर तीनशे दिसणारच, आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. मोजायचं जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. दोन्हींत चाळीस-पन्नासपेक्षा जास्त फरक पडला तर त्या जेवणातलं काय नडलं ते वहीत लिहायचं. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा सगळ्यात उशिरा वळतो, कारण पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं. त्यावरून त्याने हाय खाऊ नये.

एचबीएवनसी परत ऑगस्टअखेर, तीन महिन्यांआधी केलं तर पैसे वाया. त्याच्या आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. पडद्यावर आधीच काही असेल तर साखर झपाट्याने उतरताना ते काही काळ वाढू शकतं. लघवीतलं प्रोटीनही बघायचं, मगच मासे-अंड्यांचा सपाटा.

2023 मध्ये आयसीएमआरचा देशभरचा अभ्यास आला, त्यात गोव्याची मधुमेहाची टक्केवारी सगळ्या राज्यांत जास्त, 26.4. देशाची 11.4. दत्ताला सांग, नाटकात नाही तर यात तरी पहिला नंबर आला.

किंवा नको सांगू. तू हे सगळं तुझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं बोल, माझं नाव काढलंस की तो मुद्दाम पेज पिईल. अक्षर मात्र तो ओळखेल, म्हणून फ्रिजवर लावायचं ते मेधाकडून लिहून घे. ग्लुकोजच्या तीन पुड्या पाकिटात घातल्यात. एक त्याच्या शर्टाच्या खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, आणि एक तुझ्याकडे, कारण फेरीवर तूच असतोस.

तुझा,
मुकुंद