सही करण्याआधी ताळेबंद वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पोळा फुटला की आमच्याकडे संस्थांच्या वार्षिक सभांची घाई सुरू होते. ३१ मार्चला हिशेबाचं वर्ष संपतं, त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट व्हावं लागतं, म्हणून जाग येते ती सप्टेंबरात. आमच्या भागातल्या एका लहान इतिहास संशोधन संस्थेची यंदा निवडणूक आहे. मी तिचा कोषाध्यक्ष. आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिले, म्हणून हे काम गळ्यात पडलं. कार्यकारिणीसाठी सध्या जी नावं फिरताहेत त्यांत एक माजी सभापती, एक कंत्राटदार आणि पुण्याला स्थायिक झालेले एक प्राध्यापक आहेत. तिघंही सज्जन. सभेला येणार का, हे मात्र एकालाही कोणी विचारलेलं नाही.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करून अर्ध्या तासानं त्याच जागी घ्यायची, मग गणपूर्तीची अट नाही, अशी तरतूद पुष्कळ संस्थांच्या घटनेत असते. आमच्याही आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली ही सोय आता रीतच झाली. चहा येईपर्यंत थांबायचं, घड्याळ पाहायचं आणि हजर असलेल्या तिघाचौघांनी ठराव उरकायचे. मग इतिवृत्ताची वही घरोघरी सहीला फिरते. "तुमी फकस्त सही करा भाऊ, बाकी आमी पायतो."

सही करणाऱ्याला वाटतं, आपण संस्थेला मदत केली. कायदा तसं मानत नाही. अशी संस्था बहुधा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला की परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीत, जुनीच नावं चालू राहतात, त्यांतली काही तर वारलेल्यांची. बँक सह्या बदलून देत नाही, आणि पुढच्या निवडणुकीचा रिपोर्ट मागच्यावर अडून बसतो. एका वाचनालयाचं खातं असं अडकलेलं मी पाहिलं आहे; खात्यात पैसे आणि वर्तमानपत्रांचं बिल थकलेलं.

मागच्या वार्षिक सभेत एकानं सुचवलं, आपली ठेव पतसंस्थेत हलवू, व्याज जास्त मिळतं. माना डोलू लागल्या होत्या. तेवढ्यात एक सभासद बाई उठल्या आणि त्यांनी विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३५ वाचून दाखवलं: पैसा शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत, पोस्टात, सरकारमान्य सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा. पतसंस्था त्यात नाही. ठराव तिथंच बारगळला. (बुडालेल्या पतसंस्थांबद्दल आमच्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.)

आमच्यासारख्या संस्थेवर आणखी एक ओझं असतं. लोक घरातल्या महानुभाव पोथ्या, मोडी कागद, जुन्या सनदा विश्वासानं आणून देतात. त्यांना पावती दिली का, दाखल वहीत नोंद झाली का, पावसाळ्यात कपाटाला ओल येते का, अभ्यासाला म्हणून घरी नेलेली पोथी परत आली का, हे विचारणं कार्यकारिणीचंच काम. आमच्याकडे ग्रंथपाल ठेवायला पैसे नाहीत, म्हणून तर जास्तच.

संस्थेच्या त्रैमासिकात काय छापायचं ते मात्र संपादक मंडळावर आणि लेख तपासणाऱ्या जाणकारांवर सोडावं. "आमच्या गावचं देऊळ यादवांच्याही आधीचं आहे, तसं छापा" असा आग्रह पदाच्या जोरावर धरला जातो. पुरावा विचारला की राग येतो. आणि छपाईचं काम सदस्याच्या भाच्याच्या प्रेसला द्यायचा विषय निघाला, तर त्या सदस्यानं बाहेर जाऊन बसावं व तसं इतिवृत्तात लिहावं. भाच्याचा दर खरंच कमी असला तरी.

इतकं सगळं मागितलं तर येणार कोण, असं आमचे अध्यक्ष मला विचारतात. कलम वाचून दाखवणाऱ्या बाई तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, मोडी वाचतात, आणि प्रत्येक सभेला एसटीनं येतात. यंदाच्या यादीत त्यांचं नाव नाही. मी ते सुचवणार आहे. अनुमोदन द्यायला एक सभासद हवा आहे.

आपला,
एक कोषाध्यक्ष
ता. दारव्हा, जि. यवतमाळ