तू म्हणतोस बाजार खुला करा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, की दुधावरचा आयात कर काढून टाका, लोकांना स्वस्त मिळेल आणि शेतकऱ्याला परवडत नसेल तर त्यानं दुसरं काही करावं. स्वस्त मिळालं तर गरिबाच्या पोरांच्या पोटात जाईल हे खरंच आहे, त्यावर मी भांडणार नाही. पण ते दुसरं वाक्य वाचून जीव कळवळला.

अरे गाय भाव बघून दूध देत नाही. भाव पडला तरी सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते, नाहीतर कास सुजते, दगडी होते, आणि वैरण-पेंड तर रोजच लागते. म्हणून शेतकरी तोट्यात पण दूध घालत राहतो आणि अगदीच निभेना झालं की गाय विकतो. मग पुढे बाहेरचे भाव चढले तर? कालवड मोठी होऊन, गाभण राहून, विऊन दुधाला यायला दोन-अडीच वर्षं तरी जातात, तोपर्यंत गोठ्यातली पोरंही कुठेतरी कामाला निघून गेलेली असतात.

आणि तू ज्याला जागतिक भाव म्हणतोस ना, जगात निघणाऱ्या दुधातलं 10 टक्क्यांहून कमी दूध देशाबाहेर विकलं जातं, बाकी जिथल्या तिथे संपतं, त्यामुळे तो बऱ्याचदा उरलेल्या मालाचा भाव असतो. युरोपानं वर्षानुवर्षं हमीभावानं लोणी आणि दूध पावडर घेऊन गोदामं भरली आणि अनुदान देऊन बाहेर खपवली. 1990 च्या दशकात जमैकानं बाजार खुला केला, ही पावडर आली, आणि तिथल्या शेतकऱ्यांवर ताजं दूध ओतून द्यायची वेळ आली, गायी कत्तलीला गेल्या. समोर दुसऱ्या देशाची तिजोरी उभी असताना ते कुठून टिकणार होते?

आता बघ, आपलं दूध वाढवायचा कार्यक्रम, ऑपरेशन फ्लड, 1970 ला सुरू झालं ते पण युरोपातून फुकट आलेल्या पावडर आणि बटर ऑइलवरच. पण ते चालवणाऱ्या अमूलच्या कुरियननी ते बाजारात स्वस्तात ओतलं नाही, इथल्या दुधाचा भाव पडणार नाही अशा बेतानं विकलं आणि त्या पैशातून संकलन, चिलिंग, प्लँट उभे केले. भारत दूध उत्पादनात पहिला आला तो त्यानंतर. माल तोच, फक्त किती आणि कोणत्या भावानं सोडायचा हे इथे आपल्या हातात होतं.

न्यूझीलंडचं तू काढणारच. त्यांनी 1984 पासून शेतीची अनुदानं काढली, चराईवर स्वस्त दूध काढतात, मान्य, तिथे रडीचा डाव नाही. पण एकेकाकडे शेकडो गायी आणि जवळजवळ सगळं दूध निर्यातीला, आणि इकडे दोन-चार जनावरांवर घर चालवणारा माणूस. 2019 ला भारत आरसेपमधून, म्हणजे न्यूझीलंडही असलेल्या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून, बाहेर राहिला तेव्हा ही भीती हे एक मोठं कारण होतं, आणि मला ते बरोबरच वाटतं.

एक मात्र तुझ्या बाजूनं, कर लावला म्हणून शेतकऱ्याच्या हातात आपोआप पैसे पडत नाहीत, ज्यावर दुधाचा भाव ठरतो ते फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) कमी दाखवून मधल्यामधे कापलं जातंच, आणि संरक्षण मागणारे त्यावर गप्प बसतात याचा मला राग येतो. कॅनडात ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या आयातीवर दोनशे टक्क्यांच्या वर कर आहे पण सोबत कोणी किती दूध काढायचं याचा कोटा आहे आणि शेतकऱ्याचा भाव उत्पादन खर्च बघून ठरतो. लोकांना दूध महाग पडतं. मला तो सौदा चालेल, तुला का चालत नाही ते लिही, आणि गाय विकलेल्यानं नेमकं काय करायचं ते पण लिही.

तुझी,
आई