कॅराव्हॅनला ट्रकचीच चासी अजून किती दिवस?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅराव्हॅन टुरिझमवर दोन पानं आली, आमच्या घरात सगळ्यांनी वाचली. आतला बेड, छोटं किचन, खिडकीतून दिसणारा समुद्र, फोटो खरंच छान होते. पण दोन पानांत खालच्या चासीबद्दल, म्हणजे ज्या सांगाड्यावर हे घर बसतं त्याबद्दल, आणि इंजिनाबद्दल एक ओळ नाही. मी आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्या, आधी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये आणि रिटायर झाल्यावर भोसरीत जावयाच्या शेडमध्ये, गेली काही वर्षं आमच्याकडे कॅराव्हॅनची कामं पण येतात, म्हणून राहवलं नाही.

आपल्याकडे आज मोटरहोम म्हणून जे काही बनतं ते बहुतेक करून टेम्पो ट्रॅव्हलरवर, नाहीतर छोट्या ट्रकच्या नाहीतर बसच्या चासीवर बनतं. यातली कुठलीच चासी घर वाहायला म्हणून डिझाईन झालेली नाही. टाटाची चारशेसात घ्या, १९८६ पासून पुण्याची गाडी, तिच्यासारखी कणखर गाडी मी पाहिलेली नाही, ऊस, विटा, लग्नाचं वऱ्हाड सगळं वाहिलंय तिने. पण मालाची गाडी जाताना भरलेली असते आणि येताना बऱ्याचदा रिकामी. घर कधीच रिकामं होत नाही हो. ते उभं असलं तरी पाट्यांवर (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), एक्सलवर आणि टायरवर रात्रंदिवस वजन बसलेलं असतं, पावसाळ्यात चार महिने गाडी जागची हलली नाही तरी.

मागच्या वर्षी सांगलीकडचं एक रिटायर्ड शिक्षक जोडपं आलं होतं. दुसरीकडून बांधून घेतलेली गाडी, "वळणावर झुलते, बघा जरा" म्हणाले. मी म्हटलं आधी काट्यावर घेऊ. पाण्याची टाकी दीडशे लिटर, म्हणजे भरली की दीडशे किलो झाले. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या, शंभर किलोच्या वर. किचनला ग्रॅनाईटचा ओटा, मरीन प्लायची कपाटं, छतावर एसी आणि सोलर, आणि टाकी न टॉयलेट दोन्ही मागच्या चाकाच्याही मागे टाकलेलं. आधी पुढची चाकं काट्यावर घेतली, मग मागची. मागचा एक्सल परवानगीपेक्षा २८० किलो जास्त भरला आणि पुढचा हलका, म्हणून तर स्टिअरिंग तरंगत होतं. खाली वाकून बघितलं तर पाटे पार सरळ झालेले, रबर बफरला टेकायला दोन बोटंसुद्धा जागा नाही. आणि त्यात ते दोघं आणि त्यांचं सामान अजून बसलेलंच नव्हतं. बाईंनी मला विचारलं, मग आम्ही काय काढून ठेवायचं, पाणी की कपडे? मला उत्तर देता येईना.

पाटे वाढवून घ्या असं कोणीही सांगेल, आमच्याकडेही लोक तेच मागतात. पण पाटा वाढवला म्हणून एक्सल, ब्रेक आणि टायरची ताकद वाढत नाही, आणि सस्पेन्शन अजून कडक झालं की वरचं घर हादरतं. कपाटांची बिजागरं सुटतात, स्क्रूची भोकं मोठी होतात हे एकवेळ चालेल पण गॅसच्या पाईपचे जॉईंट ढिले पडतात, ते कसं चालेल? टायरचंही तसंच. ट्रकचा टायर पळून झिजतो, कॅराव्हॅनचा टायर उभा राहून म्हातारा होतो. नक्षी अगदी नवी दिसते आणि बाजूला बारीक चिरा गेलेल्या असतात. टायरवर चार आकडे असतात, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, ते कोणी वाचतच नाही.

आता इंजिन. १ एप्रिल २०२० ला आपण गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस ४ वरून एकदम बीएस ६ वर आलो, हवेसाठी ते गरजेचंच होतं, माझी नात दम्याची पेशंट आहे त्यामुळे त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडकवणारा फिल्टर असतो, डीपीएफ, आणि ती काजळी जाळायला तो साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापावा लागतो, म्हणजे गाडी हायवेवर लोडमध्ये बराच वेळ पळायला हवी. कॅराव्हॅन नेमकं उलटं वापरली जाते. आमच्या एका गिऱ्हाईकाने दिवेआगरला तीन रात्री एसीसाठी इंजिन आयडलवर चालू ठेवलं, परत येताना ताम्हिणीत डीपीएफचा दिवा लागला आणि गाडी पॉवरच घेईना, वीसच्या स्पीडने घाट चढले, मागे गाड्यांची रांग. सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथला माणूस म्हणतो ही बांधलेली गाडी आहे, वायरिंगला बाहेरच्यांचा हात लागलाय, वॉरंटीत बसत नाही. एका सेन्सरसाठी १९ दिवस गाडी तिथेच, म्हणजे त्या कुटुंबाचं घरच तिथे अडकलेलं. कंपनीचं नाव लिहित नाही कारण कुठेही गेलं तरी थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं.

आणि हीच गाडी घेऊन लोक स्पिती-लडाखला निघतात. धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात आणि ड्रायव्हर लोक ज्याला युरिया म्हणतात, ते डीईएफ उणे अकरा डिग्रीला गोठतं. टाकीला हीटर असतो पण त्याच टाकीच्या बाजूला बॉडी बांधणाऱ्याने पाण्याची टाकी ठोकून वायर दाबून ठेवली असेल तर? हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव नाही.

अमेरिकेत हा धंदा फार जुना आहे, तिथे मोटरहोमसाठी वेगळी उघडी चासी मिळते, नुसते रेल, इंजिन, स्टिअरिंग आणि चाकं, केबिन नाही. फोर्डची एफ ५३ त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, तिच्यात आधी व्ही १० पेट्रोल इंजिन होतं आणि २०२० च्या सुमारास ७.३ लिटरचं व्ही ८ आलं. मोठ्या गाड्यांना फ्रेटलायनरची चासी, मागच्या बाजूला कमिन्सचं डिझेल इंजिन, म्हणजे आवाज न उष्णता ड्रायव्हरपासून लांब. आपण मात्र इंजिनाच्या बॉनेटला मांडी लावून बसतो. पण तिथलाही एक किस्सा आपण लक्षात ठेवायला हवा. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी आपला हा चासीचा धंदा विकला, त्यातून वर्कहॉर्स नावाची कंपनी उभी राहिली, २००५ मध्ये ती नेविस्टार या ट्रक कंपनीने घेतली आणि २०१२ मध्ये चासी बनवणंच बंद झालं. वरची घरं अजून ठणठणीत, फर्निचर नवं करून लोक वापरतायत, पण खालच्या पार्टसाठी मालकांना शोधाशोध करावी लागते. घर २५ वर्षं टिकतं, चासी बनवणाऱ्याचा उत्साह तेवढा टिकत नाही, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

युरोपात रस्ते लहान, लायसन्सला साडेतीन टनाची मर्यादा, त्यामुळे तिथे वजनाचा हिशोब किलोकिलोने करतात. बहुतेक मोटरहोम फियाट डुकाटोवर असतात, आणि केबिनच्या मागचा मूळ सांगाडा काढून तिथे एएल-केओ या जर्मन कंपनीची खास कमी उंचीची हलकी फ्रेम जोडायची पद्धत आहे. फ्लोअर खाली येतो, गाडी झुलत नाही. हे काही रॉकेट बनवण्याइतकं अवघड काम नाही, चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात यापेक्षा अवघड कामं रोज होतात.

विजेचं काय, हे मला शेडवर येणारा प्रत्येक तरुण विचारतो. कॅलिफोर्नियात २०२४ पासून ट्रक कंपन्यांना ठराविक टक्के विजेवरचे ट्रक विकणं बंधनकारक केलं होतं, त्याचा फटका मोटरहोमच्या चासींनाही बसायला लागला, मग जून २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने त्या नियमाची परवानगीच काढून घेतली. नियम असे मागेपुढे होत राहणार, आपल्याकडेही दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचं काय चाललंय ते आपण बघतोयच. मला स्वतःला पटलेला मार्ग म्हणजे थॉर आणि हार्बिंजर या दोन अमेरिकन कंपन्यांनी २०२४ मध्ये दाखवला तो, १४० किलोवॅट-अवरची बॅटरी, चाकं मोटरवर फिरणार, आणि सोबत एक छोटं पेट्रोल इंजिन फक्त बॅटरी चार्ज करायला, एकूण अंदाजे ५०० मैलांचा पल्ला. घाट उतरताना बॅटरी भरणार, रात्री एसी लावला तरी धूर नाही आवाज नाही, डीपीएफची भानगडच नाही, आणि प्रोपेलर शाफ्ट नसल्यामुळे फ्लोअर सपाट. नुसत्या बॅटरीवर मोठी कॅराव्हॅन आज तरी मी कुणाला घ्या म्हणणार नाही, वजनातच मार खाते, परत तोच एक्सलचा प्रश्न.

आपल्याकडे फोर्सच्या अर्बेनियासारखी मोनोकॉक गाडी आली ही चांगली गोष्ट आहे, चालवायला कारसारखी वाटते. पण मोनोकॉकची बॉडीच तिचा सांगाडा असते, तिला वाटेल तिथे कापून खिडकी किंवा दार बसवता येत नाही, त्यामुळे थोडं मोठं घर हवं असेल तर चासीला पर्याय नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. पार्क कुठे, सवलत किती, यावर भरपूर बोलणं झालं. मोटर कॅराव्हॅनच्या तपासणीचं एआयएस १२४ हे स्टँडर्डही आहे, आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था तर आपल्या पौड रोडलाच आहे. माझी विनंती एवढीच की सवलत देताना गाडीखाली बघा. पाणी, गॅस, सामान आणि माणसं धरून भरलेल्या गाडीचं वजन दोन्ही एक्सलवर वेगवेगळं करून आरसीसोबत लिहून द्या. आणि चासी कंपन्यांना सांगा की मोटरहोमसाठी एक वेगळी चासी काढा, फ्लोअर खाली, मागे मऊ सस्पेन्शन, वजनाला पाच-सातशे किलोची मोकळीक, वायरिंग कुठून घ्यायचं त्याचा नकाशा बॉडीवाल्याला द्या, आणि किमान २० वर्षं पार्ट मिळतील असं लेखी द्या. पार्टची लेखी हमी असेल तर दोन-अडीच लाख जास्त द्यायला लोक तयार आहेत, मी त्यांच्याशी रोज बोलतो.

सांगलीच्या जोडप्याची गाडी सध्या आमच्याच शेडमध्ये आहे. ग्रॅनाईट काढून स्टीलचा ओटा केला, ट्युब्युलरच्या जागी लिथियमच्या बॅटऱ्या टाकल्या, पाण्याची टाकी साठ लिटरची करून दोन्ही एक्सलच्या मधे आणली. काट्यावर मागचा एक्सल आता मर्यादेच्या ४० किलो आत आहे. पुरवणीचा पुढचा लेख लिहाल तेव्हा तुमच्या फोटोग्राफरला दुपारी पाठवा, गाडी पिटवर उभी आहे, खालून सगळं नीट दिसतं.

आपला नम्र,
एक निवृत्त बॉडी बिल्डर,
भोसरी, पुणे