माळ्यावरची पेटी

महोदय,

गणपतीला राजापूरजवळच्या आमच्या घरी गेलो होतो. पोटमाळ्यावर आजीची फणसाच्या लाकडाची पेटी निघाली. आत पितळी अडकित्ता, १९४३ सालचा भोकाचा पैसा आणि लाल फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं दप्तर. पैशाच्या भोकात अजून काळा दोरा होता. बाबांच्या करगोट्यातला म्हणे! कागद मात्र घरात कुणालाच वाचता येईनात. काका म्हणाले, ‘वाळवी लागलीय, बंबात घाला.’ मी पिशवीत भरून आणले. इतिहासाचार्य राजवाडे असली दप्तरं गोळा करत गावोगाव हिंडले. आता तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा मोडी वाचणारा माणूस बसवता येईल का? कागद जमिनीचे की उसनवारीचे, एवढं तरी कळेल.

– एक वाचक, ठाणे