छर्र्याचं माप आणि आयटीआयचं मायक्रोमीटर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी पोरगी अकरावीत आहे, दोन वर्षांपासून 10 मीटर एअर रायफल खेळते. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, रेंज म्हणजे कापूस ठेवायची खोली, टेपनं 10 मीटर मोजून भिंतीला टारगेट लावलं. 2008 ला बीजिंगले अभिनव बिंद्रानं सोनं आणलं ते याच प्रकारात. यातला दहाचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असते आणि गोळी, म्हणजे शिशाचा छर्रा, पाव मिलिमीटर सरकली की 0.1 पॉइंट गेला, म्हणून छर्र्याच्या मापाले लय महत्त्व आहे हे आधी सांगून ठेवतो.

छर्र्याच्या डब्ब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं लिहून येते, ते छर्र्याच्या डोक्याचं मिलिमीटरमधलं माप. मागच्या हिवाळ्यात आमच्या डब्ब्यातले छर्रे नळीत काही घट्ट जायचे काही सैल, पोरगी रडकुंडीला आली, मी ऑनलाइन डिजिटल व्हर्निअर (जाडी मोजायचं सरकतं माप) मागवला आणि रात्रभर वेगवेगळ्या वाट्यांत छर्रे निवडत बसलो. आठवडाभर निवडले, ग्रुप (टारगेटवर गोळ्या जवळजवळ बसणं) काही सुधरला नाही. मग एकच छर्रा पाच वेळा मोजला तं 4.49, 4.52, 4.50, 4.48, 4.51. तेव्हा समजलं की स्क्रीनवर 0.01 दिसते म्हणून माप तेवढं खरं नसते, अशा व्हर्निअरमधी 0.02 इकडंतिकडं होतेच. आपल्याले फरक ओळखायचा 0.01 चा, मग ती सगळी निवड वायाच गेली ना!

शेवटी गावातल्या एका रिटायर टर्नर काकांनी त्यांचं जुनं 0.001 मिलिमीटरवालं मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून दोन तोंडांत वस्तू धरून मोजायचं यंत्र) काढलं. पहिले दोन्ही तोंडांमधी कागदाचा तुकडा धरून हळूच ओढला, कापसाचा एक तंतू निघाला. मग रिकामंच बंद करून झिरो पाहिला. छर्र्याची शेपटी डोक्यापेक्षा रुंद असते, आडवा धरला की शेपटीच मोजल्या जाते, म्हणून काकांनी फक्त डोकं तोंडाच्या काठावर धरलं न शेपटी बाहेर ठेवली. शिसं नरम, हातानं आवळलं की चेपते, म्हणून रॅचेटच (मायक्रोमीटरच्या टोकाची टिकटिक वाजणारी मूठ) फिरवायचं, तीन टिक झाले की थांबायचं. मग छर्रा थोडा फिरवून परत मोजायचं, कारण तो पूर्ण गोल असेलच असं नाही. तेव्हा कुठं त्याच छर्र्याचे आकडे जवळजवळ यायले लागले. कोणता छर्रा चालते ते तं रायफल शिकंजात बांधून गोळ्या मारूनच ठरते, पण डब्बा एकसारखा आहे की नाही हे तरी मापानं कळते. (आणि शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवाच, पोरं तसेच जेवायले बसतात.)

मायक्रोमीटर घेणं सगळ्या पालकांले परवडत नाही. आयटीआयच्या फिटर आणि टर्नर ट्रेडमधी हे शिकवतातच, मायक्रोमीटर तिथं असतेच. क्रीडा विभागानं आणि आयटीआयवाल्यांनी मिळून महिन्यातून एक शनिवार जरी खेळाडू पोरांसाठी माप घ्यायचं टेबल मोकळं ठेवलं, सोबत शिकवायले एक सर दिले, तं आमच्या भागातल्या पोरापोरींचे कितीक डब्बे आणि कितीक रात्री वाचतील. अर्ज घेऊन कोणाकडं जायचं तेवढं तुमच्या पेपरमधून संबंधितांनी कळवावं, मी यायले तयार आहे.

एक पालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ